न बघता म्हटलेलं ‘हाय’

ही गोष्ट लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे टाळणं सोपं होतं. निवृत्त कारकुनाला लोक पेन्शनचं विचारतात, महागाई भत्त्याचं विचारतात, फार तर एखादा अर्ज लिहून द्या म्हणतात. खरा प्रश्न मला आयुष्यात एकदाच विचारला गेला. तेव्हा मी ‘आठवत नाही’ असं उत्तर दिलं, आणि त्या दिवसापासून ती गोष्ट माझ्या मनातून हलली नाही.

ज्याच्याबद्दल हे आहे तो माझा मित्र गेल्या पौषात वारला. मी उमापूरला मातीला गेलो होतो. गर्दीत मागेच उभा राहिलो. तरी त्याच्या थोरल्या मुलानं मला हेरलं, वाट काढत आला आणि सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला. म्हणाला, “काका, तुमी व्हते म्हणून बापाचं नाव राहिलं.” आजूबाजूची माणसं माझ्याकडे आदरानं बघायला लागली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होतो?

त्या पोरांच्या मनात माझा जो हिशेब आहे तो चुकीचा आहे. तो दुरुस्त करावा म्हणून लिहायला बसलो.

आम्ही दोघं एकाच सरकारी कार्यालयात लिपिक होतो. कुठल्या, ते लिहीत नाही, त्यानं फरक पडत नाही. तालुक्याचं गाव होतं. लोक फी भरायला, गाळ्यांचं भाडं भरायला, लिलावाचे पैसे भरायला यायचे. तो रोखपाल होता, मी लेखा शाखेत. दिवसभर जमलेली रोकड त्यानं दुसऱ्या दिवशी चलन करून बँकेत भरायची, शिक्का मारलेली प्रत आणायची आणि वहीत चढवायची. बँक तो भरणा बीडच्या कोषागाराला कळवायची. आता आमच्या वहीत ‘भरले’ म्हणून जे लिहिलंय ते कोषागारात आमच्या खात्यावर खरंच पोचलं का, हे दर महिन्याला बीडला जाऊन ताडून बघावं लागायचं. त्याला मेळ घालणं म्हणतात.

मेळ एकट्यानंही घालता येतो, पण त्यात चुका राहतात. म्हणून दोघं लागतात. एकानं आपली वही मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं कोषागाराची यादी बघायची. वाचणारा म्हणतो: तारीख अमुक, चलन अमुक, रक्कम अमुक. बघणारा यादीत ती ओळ शोधतो आणि म्हणतो, “हाय.” ते ऐकून वाचणारा आपल्या वहीत लाल पेन्सिलीनं टिक करतो. ओळ सापडली नाही तर बघणारा म्हणतो, “न्हाई.” मग दोघं थांबतात आणि ती सापडेपर्यंत उठत नाहीत. अशी आमची रीत होती. कुठल्या नियमात ती लिहिलेली नव्हती. आमच्या आधीच्यांनी आम्हाला दाखवली, आम्ही पुढे चालवली.

वाचायचा तो, बघायचो मी. कारण त्याचा आवाज. एप्रिलातल्या जयंतीला तो त्याच्या वस्तीत गायचा. मार्चअखेरची धावपळ संपली की लगेच जयंती यायची, आणि मी दरवर्षी त्याच्याकडे खीर खायला आणि त्याचं गाणं ऐकायला जायचो. तोच आवाज तो आकड्यांना लावायचा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर ऐकण्यात गफलत होते म्हणून तो एकेक आकडा सुटा वाचायचा, आणि शून्याला त्याच्या आजोबांसारखं ‘पूज्य’ म्हणायचा. “सात... पूज्य... पूज्य... तीन.” रक्कम संपताना सूर खाली आणायचा, की मी “हाय” म्हणायचं. आमचा असा ठेकाच बसला होता. कोषागारातला एक कारकून आम्हाला दारात बघितलं की ओरडायचा, “आलं का भजनी मंडळ?”

सकाळच्या एसटीनं आम्ही बीडला जायचो. वही त्याच्या मांडीवर, डबे माझ्या मांडीवर. खिडकी कुणाची यावरून दर खेपेला भांडण.

“सरक बे. तुला काय बघायचंय भाईर? तुझी सिरसाळ्याची जिमीन इथून दिसती का?”

“तुझं उमापूर तरी दिसतं का?”

“मला न्हाई दिसत, पर मला वारा लागतो. तुझ्यासारखी चरबी न्हाई माझ्या अंगावर.”

चूक कुणाकडून निघेल त्यानं परतताना स्टँडवर भजी खाऊ घालायची, अशी पैज असायची. चूक कोषागाराची निघाली तर वर्गणी. त्याच्या वहीत चूक निघाल्याचं मला फारसं आठवत नाही. भजी बहुतेक वेळा मीच घातली.

एवढ्या वर्षांत मला कुणी एक दिवस परत देतो म्हणालं, तर मी लग्नाचा मागणार नाही, पोरांच्या जन्माचाही नाही. मी मेळाचा एखादा दिवस मागेन. साधा, काही न घडलेला. लांब टेबल, घरघरणारा पंखा, कडेला भोकं असलेली ती घडीची छापील यादी, आणि समोर तो, चष्मा कपाळावर, बोटानं ओळ धरून वाचणारा.

ज्या दिवशी घडलं तो दिवसही तसाच होता. म्हणजे मला घाई नव्हती, घरी कुणी आजारी नव्हतं, आमचं भांडण झालं नव्हतं. एखादं कारण असतं तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं. जेवण झालं होतं. तो वाचत होता, मी “हाय” म्हणत होतो. मधेच त्यानं विचारलंही, “कावून बे, झोपला का?”

“झोपलो न्हाई, वाच तू.”

“झोप की. मी तुझ्या आज्जाला हाय म्हणायला बोलावतो.”

मी हसलो आणि मान वर केली. समोर खिडकी होती. कोषागाराच्या आवारात एक बाई आपल्या शेळीला लिंबाचा पाला दाखवत होती. पाला भिंतीवरून उंच लोंबत होता. शेळी मागच्या पायांवर उभी राहिली, पुढचे पाय भिंतीला लावले आणि मान ताणून ताणून बघायला लागली. पाला तोंडाजवळ यायचा आणि वाऱ्यानं सरकायचा. बाई तिला काहीतरी बोलत होती, माणसाशी बोलावं तसं. मी बघत राहिलो. इकडे त्याचा सूर खाली आला आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, “हाय.”

त्यानं टिक केली. पुढची ओळ वाचली. मी यादीकडे वळलो आणि ती पुढची ओळ शोधली. मधल्या ओळीचं त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही. ते चलन यादीत नव्हतं.

शेवटी बेरजा जमल्या नाहीत. पण बेरजा तशाही पहिल्या फटक्यात जमत नाहीत. महिन्याच्या शेवटच्या दिवसांत भरलेली चलनं कोषागारात पुढच्या महिन्यात चढतात, त्यांचा फरक राहतोच. तो फरक कोणकोणत्या चलनांचा, हे फोडून लिहायला पाहिजे. ते काम माझं होतं. मी फोडला नाही. ‘महिनाअखेरची चलने, पुढील महिन्यात अपेक्षित’ असं एका ओळीत लिहिलं आणि साहेबांची सही घेतली. पुढच्या महिन्यात त्यातली बरीचशी रक्कम आली, उरलेली ‘मागील फरक’ म्हणून पुढे ओढली. सगळीकडेच असे फरक वर्षानुवर्षं ओढले जातात. आम्ही मात्र कधी ओढत नव्हतो, आणि याच गोष्टीचा त्याला अभिमान होता. मी ओढलाय हे त्याला माहीत नव्हतं.

वर्षभरानं लेखापरीक्षण पथक आलं. त्यांनी तो फरक फोडला आणि ते एक चलन वर आलं. त्याच्या चार-पाच महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम. आमच्या वहीत भरल्याची नोंद, पण कोषागारात आमच्या खात्यावर नाही. बँकेचा शिक्का असलेली प्रत त्यानं काढून दिली, पण शिक्का पुसट होता, तारीख लागत नव्हती. बँकेनं कळवलं, तुमच्या खात्यावर असा भरणा दिसत नाही. तेवढ्यात बँकेची शाखाही दुसऱ्या जागेत गेली होती आणि जुने कागद पोत्यांत होते. पैसे त्याच्या हातून गेलेले, शिक्का पुसट, आणि जे चलन यादीत नाही त्याच्यापुढे त्याच्याच हातची लाल टिक.

चौकशीला आम्हाला एका खोलीत बसवलं. अधिकारी बाहेरचे होते, सभ्य होते. त्यांनी त्याला विचारलं, “यादीत नसलेल्या चलनापुढे तुम्ही टिक कशी केली?”

तो म्हणाला, “साहेब, यादी बघणाऱ्यानं हाय म्हणलं की मी टिक करतो. तसं म्हणल्याशिवाय माझी पेन्सिल उठत न्हाई.”

अधिकारी माझ्याकडे वळले. “यादी तुम्ही बघत होता. तुम्ही ‘आहे’ म्हणाला होतात?”

वहीतली टिक राहते. तोंडानं म्हटलेलं ‘हाय’ कुठे राहत नाही. त्या खोलीत ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. माझं नाव तेव्हा पदोन्नतीच्या यादीत होतं, आणि मेळावर फरकाचा तपशील न लिहिता सही घेतली होती मी. ते सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं, आणि ती शेळीही गेली. भिंतीला पाय लावलेली. मला तिच्या गळ्यातली दोरीसुद्धा दिसली.

“आठवत नाही,” मी म्हणालो.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात त्यानं मला थांबवलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर.

“खरंच आठवत न्हाई का बे?”

“न्हाई रे. वर्ष झालं त्याला.”

त्यानं नुसती मान हलवली. मग म्हणाला, “मंग माझंच चुकलं असंल. तू म्हणला न्हवता आन् मला ऐकल्यावानी वाटलं असंल. सवय लागती ना कानाला.”

त्यानं माझ्या सांगण्यावर स्वतःच्या कानांना खोटं ठरवलं. पैशाचं नुकसान मोजता येतं. हे कशात मोजायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तो निलंबित झाला. काही महिन्यांनी परत घेतला, पण रक्कम पगारातून हप्त्यानं कापायची, असा आदेश निघाला. रोकड काढून घेतली आणि आवक-जावकच्या टेबलावर बसवला. त्याचं नाव खराब व्हायला कार्यालयात वेळ लागला नाही. माझं व्हायचं असतं तर बराच लागला असता. का, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आधी कार्यालयातल्या चहाचे पैसे गोळा करायचं काम त्याच्याकडे असायचं. परत आला त्या आठवड्यात एकानं हसत हसत तो डबा उचलून दुसऱ्या टेबलावर नेला. मी समोरच होतो. तो आवक रजिस्टरवर रेघा मारत होता, तशाच मारत राहिला.

मेळाला मी नव्या रोखपालाबरोबर जायला लागलो. पोरगा हुशार होता. पण रक्कम सलग वाचायचा, आणि सापडलं म्हटलं की त्याला ‘हाय’ चालायचं नाही. “सर, ओके म्हणा ना,” म्हणायचा. मी ओके म्हणायचो. एसटीत खिडकीची जागा आता मला न भांडता मिळायची. स्टँडवर भजी तळताना वास यायचा आणि मी गाडी लागली का ते बघायला पुढे जायचो. पदोन्नती झाली. घरी पेढे वाटले. त्याच्या टेबलावर ठेवायला गेलो तेव्हा त्यानं दोन उचलले, म्हणाला, “एक वैनीच्या नावानं.”

नंतर माझी बदली त्याच गावातल्या दुसऱ्या कार्यालयात झाली. तिथल्या जुन्या मेळात उलटा फरक होता. कोषागारात त्यांच्या खात्यावर एक रक्कम जास्तीची दिसत होती. कुणी भरली, कधीची, कुणाला पत्ता नव्हता. फुकट आलेली म्हणून कुणी खोदत नव्हतं. आकडा बघितला आणि पुन्हा एकेक अंक सुटा वाचला. तो आकडा मला तोंडपाठ होता. तारीख तीच. बँकेतल्या माणसानं खात्याच्या नंबरातला एक अंक चुकवला होता आणि आमच्या कार्यालयाचे पैसे या कार्यालयाच्या नावावर पडले होते. त्या दिवशी मी “न्हाई” म्हणालो असतो, तर आम्ही दोघं उठून शेजारच्या याद्या चाळल्या असत्या. चहा येईपर्यंत सापडलं असतं.

पत्रं लिहिली, मागे लागलो. इथून तिथून फिरून शेवटी दुरुस्ती झाली. त्याच्यावरचा ठपका मागे घेतला, कापलेले हप्ते परत मिळाले. मी हे केलं, हे खरं आहे. पण ते करताना प्रत्येक पत्रात मी ‘बँकेची चूक’ एवढंच लिहिलं. मेळाच्या वेळी ती का निसटली, याबद्दल एक ओळ लिहिली नाही.

तो माझ्या नव्या कार्यालयात आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. सगळ्यांसमोर त्यानं माझ्या तोंडात पेढा घातला. म्हणाला, “ह्यानं माझं नाव धुवून काढलं. सख्खा भाऊ करत न्हाई एवढं.” डोळे भरले होते त्याचे. मी तो पेढा तोंडात धरून उभा होतो. तेव्हा सांगता आलं असतं. पण ज्याला देव म्हणून समोर उभं केलंय त्यानं तोंड उघडून काय सांगायचं? मी पेढा गिळला.

त्यानंतर त्याला टाळणारा मीच. जयंतीला बोलवायचा, मी काहीतरी निमित्त काढायचो. निवृत्तीच्या समारंभालाही मी उशिरा गेलो आणि लवकर निघालो. दोघंही निवृत्त झालो, तो उमापूरला राहायला गेला. फोनवर म्हणायचा, “ये की एकदा. आकडे वाचून दाखवतो.” मी येतो म्हणायचो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेलो. एसटीत खिडकीशी बसलो आणि वाटभर वाक्य जुळवलं. तलवाडा मागे पडलं तोवर ते पाठ झालं होतं. अंगणात बाजेवर तो बसला होता, अगदी वाळलेला. मला बघून उठायला लागला, मी बसवला. वहिनी दारातूनच म्हणाल्या, “भाऊजी, मोठ्यानं बोला बरं. ह्यांना ऐकू येत न्हाई आता. मशीन आणलंय, पर लावत न्हाईत.”

“काय म्हणती ती?” त्यानं मला विचारलं.

“मोठ्यानं बोल म्हणती,” मी ओरडलो.

“मंग बोल की. तुझा आवाज कधी मोठा व्हता? वाचणारा मी व्हतो.”

वहिनींनी चहा आणला आणि तिथेच उंबऱ्यावर शेंगा फोडायला बसल्या. सून आत-बाहेर करत होती. शेजारचे दोघं-तिघं कोण आलंय बघायला येऊन बसले, आणि त्यानं त्यांना माझी ओळख करून दिली. ते चलनाचं, नाव धुतल्याचं, सगळं पहिल्यापासून सांगितलं. कानानं गेला होता, पण आवाज तोच होता. रक्कम सांगताना आकडे सुटे सुटे म्हणाला आणि शेवटी सूर खाली आणला. माझ्या तोंडून ‘हाय’ जाता जाता राहिलं.

माणसं उठून गेली. वहिनी शेंगांचं सूप घेऊन आत वळल्या. मी बाजेवर त्याच्या जवळ सरकलो आणि म्हणालो. खरंच म्हणालो. जुळवलेलं वाक्य नाही, त्याच्यापेक्षा साधं, आमच्या नेहमीच्या आवाजात, जसं त्या लांब टेबलावर बोलायचो तसं.

त्यानं कानामागे हात धरला. “काय म्हणलास?”

वहिनींनी आतून मान बाहेर काढली. सून दारात थांबली. रस्त्यावरून एक जण जाता जाता बघत होता. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगायला पाहिजे होतं. तो माझ्या ओठांकडे बघत होता, हसत, लहान पोरासारखा वाट बघत.

“चहा लई चांगला झालाय म्हणलं!” मी ओरडलो.

“हाय,” तो म्हणाला आणि खूश होऊन वहिनींकडे बघितलं. “ऐकलं का, चहा चांगला झालाय म्हणतो.”

त्या अंगणात मी जे हळू म्हणालो होतो, ते त्याच्या पोरांसाठी आणि त्याच्यासाठी इथे लिहितो:

लेका, माझं चुकलं. मला सगळं आठवत होतं. तुझ्या कानांनी बरोबर ऐकलं व्हतं. हाय मीच म्हणलो. पर मी यादी बघत न्हवतो रे, मी खिडकीतली शेळी बघत व्हतो. मला माफ कर.